गाडीचं कपाळ

आमच्या आबांची गाडी भर उन्हात वायपर हलवते, ही बातमी अख्ख्या कडेगावाला माझ्या आधी ठाऊक होती. मी साताऱ्याला राहते, त्यामुळं वडलांच्या काय आणि आईच्या काय, माहेरच्या सगळ्याच बातम्या मला शिळ्या मिळतात.

गाडी माझ्या धाकट्या भावानं घेतलेली. तो फौजेत आहे. सुट्टीवर आला की अशी काहीतरी वस्तू घरात आणून ठेवतो, की तो गेल्यावर आम्ही सगळ्यांनी तिची सेवा करत बसावं. या गाडीचे वायपर म्हणे पाऊस आला की आपले आपण सुरू होतात. काचेच्या वरच्या अंगाला, आरशाच्या मागं एक सेन्सर असतो, त्याला काचेवरचं पाणी कळतं. जाताना भाऊ आबांना बजावून गेला, की स्टेअरिंगजवळच्या वायपरच्या काडीला अजिबात हात लावायचा न्हाई, समदं आपोआप हाय. आबांनी स्वतः उभी नोकरी फौजेचे ट्रक चालवले. हुकूम म्हणजे हुकूम. त्यांनी त्या काडीकडं बघायचंसुद्धा सोडून दिलं.

आणि मग वायपर कोरड्या काचेवर फिरायला लागले. बाजाराच्या दिवशी, लख्ख ऊन पडलेलं, आणि हे आपले खर्र खर्र चाललेत. शेजारून जाणारे लोक तळहात उताणा करून पाऊस बघायचे. तिकडं पूर्वेच्या दुष्काळी भागात आबांचा एक जुना दोस्त मेंढरं राखतो. तो म्हणाला, गड्या, ही गाडी एकदा आमच्या माळावरनं फिरवून आण, ढगाला लाज वाटली तर वाटली. यावर आबाही पोट धरून हसले होते. सगळं हसण्यावारी गेलं असतं तर बरं झालं असतं.

पण ते भावाच्या कानावर गेलं. आदल्या साली आबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, त्यामुळं भावानं सुतावरून थेट स्वर्ग गाठला. आबांना नीट दिसत नाही, त्यांचा हात चुकून काडीवर पडतो, आज वायपर चालू झाला, उद्या ब्रेकच्या जागी भलतंच दाबून बसतील. आता सुट्टीवर आलो की त्यांच्याकडची किल्ली काढून घेतो आणि ड्रायव्हर ठेवतो, असं त्यानं मला फोनवर सांगूनच टाकलं. मला असला राग आला. ज्या माणसानं बर्फातल्या घाटात ट्रक चालवला, त्याला म्हणे ड्रायव्हर. पण खरं सांगायचं तर मनातून मीही धास्तावले होते, कारण शोरूमला नेली की ही बया एकदम गुणी व्हायची. तिथं आधी गाडी धुऊन काढत, मग तपासत, आणि काही दोष नाही म्हणून परत देत. म्हणजे दोष राहिला आबांच्या पदरात.

मी काडीला हात लावलेला न्हाई, एवढंच ते म्हणायचे. आधी चढ्या आवाजात म्हणायचे. पुढं पुढं हळू म्हणायला लागले, ते मात्र मला ऐकवेना.

भावाची सुट्टी जवळ आली तशी मी माहेरी गेले, आणि परत साताऱ्याला सोडायला आबाच आले पाहिजेत म्हणून हटून बसले. नेमकी त्या दिवशी अमावस्या. आमच्यात अमावस्येला गाडीची पूजा केल्याशिवाय चाक हलत नाही. आईनं लिंबू-मिरची बदलली, चाकांवर पाणी घातलं आणि टाचा उंचावून काचेशी गेली. काचेची वरची मधली जागा म्हणजे गाडीचं कपाळ, हे तिचं ठरलेलं. नुसतं कुंकू वाऱ्यानं उडून जातं म्हणून आधी तेलाचं बोट आणि त्यावर कुंकू.

आम्ही निघालो. विहिरीच्या वळणावर घर दिसेनासं झालं तसं आबांनी गाडी थांबवली, सीटखालचं फडकं काढलं आणि कुंकू पुसून टाकलं. फौजी माणूस, काचेवर डाग खपत नाही. तुझ्या आईला सांगू नको, म्हणाले.

कराडच्या अलीकडं ऊन समोरून काचेवर आलं आणि वायपर सुरू झाले. मी आबांच्या हातांवर नजर लावूनच बसले होते. दोन्ही हात स्टेअरिंगवर, गच्च. त्यांनी माझ्याकडं नुसतं बघितलं. मला इतका आनंद झाला, की बंद पडायच्या लायकीच्या त्या वायपरना मी टाळ्या वाजवल्या.

गाडी बाजूला घेऊन काच बघितली. कुंकू गेलेलं, पण तेल फडक्यानं फासून बरोबर सेन्सरच्या पुढं बसलेलं. त्या तवंगाला गाडी पाऊस समजत होती. हॉटेलातून साबणाचं पाणी आणून काच घासली, तर पार साताऱ्यापर्यंत वायपर गप्प. दारात पोचल्यावर मी मुद्दाम तेलाचं बोट लावलं, फडक्यानं फासलं आणि गाडी चालू केली, तर लागले फिरायला. त्याचा व्हिडिओ काढून भावाला पाठवला. त्याचा फोन आला तेव्हा आधी तो खूप हसला, आणि मग आबांना फोन दे म्हणाला. किल्लीचा विषय तिथं मिटला.

आईला सांगायचं तेवढं राहिलं होतं. भाऊ सुट्टीवर आला, पुढची अमावस्या आली, मीही गेले होते. आई तेलाची वाटी घेऊन निघाली तसं भावानं तिला सगळं समजावून सांगितलं, आणि इथनं पुढं कुंकू बॉनेटवर लाव म्हणाला.

"कपाळ सोडून कुणी कुंकू लावतं का रं?" आई म्हणाली. मग आबांकडं वळली. "आवं, तुमी विहिरीपाशी कुंकू पुसता, ते मला ठावं न्हाई व्हय? म्हणून तर तेल लय लावत हुते. कुंकू गेलं तरी तेवढं तरी तुमच्यासंगं राहू दे म्हणून. डोळ्याचं आपरेशन झाल्यापासनं तुमी घरी येईस्तवर माझा जीव थाऱ्यावर नसतोय."

आम्ही दोघं भावंडं जमिनीकडं बघत उभी राहिलो. आबा गाडीत जाऊन बसले, आणि ज्या काडीला त्यांनी इतके दिवस बोट लावलं नव्हतं, ती फिरवून त्यांनी ते आपोआपचं प्रकरण बंद करून टाकलं. मग सीटखालचं फडकं काढून भावाच्या हातात दिलं.

"लाव तितंच," ते आईला म्हणाले. "पाऊस पडतोय का न्हाई, एवढं अजून दिसतंय मला."