कुंड्यांना पाणी कोण घालतं

कुलुपं दुरुस्त करणाऱ्या या गृहस्थांना सगळे मास्तर म्हणत, आणि मास्तरांना जगाचं गुपित कळलेलं होतं. माणूस चोरच असतो, फक्त काहींना अजून संधी मिळालेली नसते. हे ज्ञान त्यांनी कुठे वाचलं नव्हतं, बाळकडूच तसं होतं. वडीलही कुलुपवालेच, घरात साखरेच्या डब्यालाही कुलूप. लहानग्या मास्तरांनी ते आईच्या केसांच्या आकड्याने उघडलं, तेव्हा वडिलांनी आधी दोन थोबाडीत दिल्या, मग पाठ थोपटली आणि दुसऱ्या दिवशी दुकानात बसवलं. तिथे शिकवण एकच. "चोर कुलूप तोडतोच. आपण लावायचं ते शेजाऱ्यासाठी."

दुकानात येणारी माणसंही तशीच. कुणाकडे चोरी झालेली, कुणाला होईल अशी धास्ती. ज्याला धास्ती नाही तो कुलुपवाल्याकडे कशाला येईल, हा प्रश्न मास्तरांना उभ्या आयुष्यात पडला नाही. हुशार माणसाला असले प्रश्न पडत नाहीत.

घराच्या दाराचं कुलूप त्यांनी स्वतः बनवलं होतं. दार लोटलं की आपोआप लागणारं, तारेला, आकड्याला, कुणाच्या बापालाही दाद न देणारं. किल्ल्या दोनच. बायकोने एकदा तिची हरवली, तर मास्तरांनी नवी करून दिली आणि वर्षभर टोमणेही मारले. परगावाहून महिन्याने परतलं तरी गॅलरीतल्या कुंड्या टवटवीत असत. त्याचंही शास्त्र मास्तरांकडे तयार होतं. घर घट्ट बंद असलं की ओल आतच टिकते. हे ते जावयाला समजावायला लागले की बायको उठून स्वयंपाकघरात जायची.

एका सकाळी ती बहिणीकडे गेली होती. नात आत झोपलेली, गॅसवर दूध. अंघोळीला निघालेले मास्तर बनियन-टॉवेलवर कचऱ्याची बादली ठेवायला बाहेर आले आणि वाऱ्याने दार लागलं. किल्ल्यांचा जुडगा आत खुंटीवर. हत्यारं दुकानात, आणि दुकानाची किल्ली त्याच जुडग्यात.

बादलीतली तार घेऊन मास्तर उकिडवे बसले. कुलूप हलेना. खरं सांगायचं तर सुरुवातीला त्यांना आपल्या कारागिरीचा अभिमानच वाटला. मग दूध करपल्याचा वास आला. मग नात उठली आणि रडत रडत आतून दार वाजवायला लागली; खटक्यापर्यंत तिचा हात पोचत नव्हता. आता मात्र घाईघाईत घातलेली तार मोडली. अख्ख्या गावाची दारं उघडणारा माणूस स्वतःच्या दारासमोर टॉवेल सावरत बसला होता, आणि इतका तो कधीच घाबरला नव्हता.

समोरच्या घरातून शिवणकाम करणाऱ्या ताई डोकावल्या, बघितलं आणि आत निघून गेल्या. वडील बरोबर सांगायचे, मास्तरांच्या मनात आलं. तेवढ्यात ताई परत आल्या. त्यांच्या हातात किल्ली होती. त्यांनी ती कुलपात घातली, जरा झटापट केली, आणि दार उघडलं.

मास्तरांनी नातीला उचललं, गॅस बंद केला, खिडक्या उघडल्या. मग किल्लीकडे बघितलं. त्यांच्याच हातची होती, हरवलेली.

"ही तुमच्याकडे कशी?"

"वहिनींनी ठेवायला दिली होती. तुमची लेक शाळेत होती तेव्हा," ताई म्हणाल्या. "तुम्ही गावाला गेलात की झाडांना पाणी कोण घालतं, तुम्हाला काय वाटलं?"

मास्तरांना काय वाटलं होतं, ते सांगण्यासारखं नव्हतं. ताईंची पाठ वळताच त्यांचा हात कपाटाच्या कडीकडे गेला. कडी लागलेली होती. इतकी वर्षं लागलेलीच होती. मास्तरांना आपली भयंकर लाज वाटली, आणि थोडं हसूही आलं.

दुपारी त्यांनी ताईंकडून ती किल्ली मागून नेली. ताईंना वाटलं, गेली ही आता. दुकानात बसून मास्तरांनी तिच्या दातांवर बारीक कानस फिरवली, तेल लावलं आणि संध्याकाळी ती ताईंच्या हातात परत ठेवली.

"जरा अडकत होती," ते म्हणाले. "आता नाही अडकणार."