ताऱ्यातले न मोजलेले इलेक्ट्रॉन

आमच्या विभागात एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाचा प्रकल्प म्हणजे पातळ थर, हे ठरलेलेच असे. काचेच्या पट्टीवर रसायनाचा थर चढवायचा, त्याचा विद्युतरोध मोजायचा, आलेख काढायचे आणि काळ्या रेक्झिनमध्ये सोनेरी अक्षरांची फाईल बांधून घ्यायची. उपकरण होते, मागच्या वर्षीच्यांच्या फायली होत्या, आणि आलेख कसा दिसायला हवा हे सर्वांना आधीच ठाऊक होते. तो तसा दिसला नाही, तर 'रीडिंग बसवायचे', म्हणजे पुस्तकातले उत्तर धरून उलट गणित करत मोजमापे लिहून काढायची. त्यात कुणाला लबाडी वाटत नसे. पहिल्या वर्षी लंबकाच्या प्रयोगापासून आम्ही सगळे तेच शिकलो होतो. मीसुद्धा.

मी ताऱ्यांची रचना आणि उत्क्रांती हा विषय मागितला, तेव्हा मार्गदर्शक सर हसले.

"दुर्बीण कुठंय आपल्याकडं?"

"लागणार नाही, सर. संगणक पुरेल."

"खेड्यातली, पिशोरची ना तू? घरी काय सांगशील, तारे मोजतेय म्हणून?"

"घरी सांगून झालंय, सर. तुमचीच परवानगी राहिलीय."

त्यांनी परवानगी दिली; माझ्यावर विश्वास होता म्हणून नव्हे, तर महिनाभरात मी आपणहून पातळ थरांकडे परत येईन अशी त्यांची खात्री होती म्हणून.

ताऱ्याच्या आत कुणी डोकावलेले नाही. तरी आत काय चालते हे सांगता येते, कारण ताऱ्याला दोन गोष्टी एकाच वेळी सांभाळाव्या लागतात. स्वतःचे वजन पेलायचे आणि आत निर्माण होणारी ऊर्जा बाहेर सोडायची. त्याची चार समीकरणे आहेत. केंद्रापासून पृष्ठभागापर्यंत थराथराने ती सोडवत गेले, की दाब, तापमान आणि तेज हाती येते. मी सूर्याएवढ्या वस्तुमानाचा तारा घेतला, दोन महिने आज्ञावली लिहिली, आणि एका दुपारी संगणक कक्षात उत्तर आले. माझा तारा सूर्याच्या वीसपटीहून अधिक तेजस्वी होता.

शेजारी माझी वसतिगृहातली खोलीसोबतीण तिच्या पातळ थरांचे आलेख काढत बसली होती. तिने वाकून पडदा पाहिला.

"मंग भाग नं वीसनं! कोण बघायलंय?"

"का भागायचं, ते कळलं पाहिजे ना."

"कळून काय लोणचं घालायचंय का? माझ्या थराचा रोध काल उलटा आला व्हता. आज सरळ केला. झालं!"

"आणि तो उलटा का आला होता?"

"लई शहाणी हायस तू," ती म्हणाली आणि आलेखाकडे वळली. पण वीसने भागून टाकणे मला खरोखरच सोपे होते, आणि मी तसे केले असते तर कुणालाही कळले नसते, ही गोष्ट मी इथे नोंदवून ठेवते.

चूक सापडायला अकरा दिवस लागले. ताऱ्याच्या अंतर्भागात उष्णता इतकी असते की अणूंतले इलेक्ट्रॉन सुटे होतात, आणि प्रत्येक सुटा इलेक्ट्रॉन दाबातला आपला वाटा उचलतो. मी केवळ अणुकेंद्रे मोजली होती. कण निम्म्याहून कमी धरल्यामुळे तेवढेच वजन पेलायला माझ्या ताऱ्याला कितीतरी जास्त तापावे लागत होते, आणि तापला की तो अधिक उजळत होता. इलेक्ट्रॉन मोजल्याबरोबर तारा सूर्याच्या जवळ आला.

तेवढ्यावर थांबता आले असते. पण त्या चुकीने मला एक गोष्ट दाखवली होती, ती मी सोडणार नव्हते. खऱ्या ताऱ्यातही हायड्रोजनचे हेलियम होते तेव्हा कणांची संख्या घटते. म्हणजे मी अजाणता जे केले, तेच तारा अब्जावधी वर्षांत सावकाश करतो, आणि म्हणूनच वयाबरोबर तो तेजस्वी होत जातो. मी हेलियम टप्प्याटप्प्याने वाढवून पुन्हा गणिते केली. तारा दर टप्प्याला उजळत गेला. हे सारे, मूळच्या चुकीसकट, मी चौथ्या प्रकरणात लिहिले.

सरांनी ते वाचले आणि फाईल मिटली. प्रमाणपत्राच्या पानावर त्यांची सही झाल्याशिवाय फाईल बांधता येत नव्हती.

"हेलियमचं राहू दे. चांगलंय. चुकीचं काढ."

"सर, हेलियमचं त्यातूनच आलंय."

"अगं, बाहेरचे परीक्षक येणार. विभागाच्या फाईलमध्ये 'माझी चूक झाली' असं कुणी लिहितं का?"

"कुणी लिहीत नाही, सर. म्हणून तर वाटतं की इथं कुणाचं चुकतच नाही."

त्यांनी फाईल बाजूला ठेवली. मग एक कोरा कागद माझ्यापुढे सरकवला. "लिहून दे. हे प्रकरण मी स्वतःच्या जबाबदारीवर ठेवत आहे, गुण कमी झाल्यास तक्रार करणार नाही."

मी लिहून दिले. खाली सही केली, तारीख टाकली आणि विचारले, "आता तुमची?"

त्यांनी प्रमाणपत्राच्या पानावर सही केली.

तोंडी परीक्षेत परीक्षकांनी थेट चौथे प्रकरणच उघडले. मला फळ्यापाशी उभे केले आणि कणांची संख्या व तेज यांचा संबंध पहिल्यापासून मांडायला लावला. अर्धा तास लागला. शेवटी ते सरांना म्हणाले, "बाकीच्या फायलींत एकही चूक दिसली नाही मला. कमाल आहे." सरांनी पुढच्या मुलीचे नाव पुकारले.

तरी अंतर्गत गुण सरांच्या हातात होते. फलकावर यादी लागली, तेव्हा प्रकल्पात माझ्या खाली एकच नाव होते. खोलीसोबतीण पहिल्या तिघींत होती. तिला माझ्याकडे बघवेना. सर तिथूनच चालले होते, ते थांबले.

"सांगितलं होतं तुला."

"हो, सर. तक्रार नाही, लिहून दिलंय. फाईल विभागाच्या कपाटात राहील ना?"

"राहील."

"चौथ्या प्रकरणासकट?"

"बांधलेल्या फाईलमधून पानं कोण काढणार?"

"मग झालं," मी म्हणाले.