शेवटच्या ओळीवरचा अंगठा

वडील देहूरोडच्या वस्तीत जयंतीच्या कार्यक्रमात स्वतः रचलेली गाणी म्हणायचे. ते गेल्यावर गाण्यांची वही माझ्याकडे आली. राष्ट्रीय ग्रंथालयाने अशा घरगुती वह्यांचे फोटो मागवले, तेव्हा एका हाताने पान दाबत, दुसऱ्या हातात मोबाइल धरून मी अख्खी वही एका सुट्टीत पाठवली. तपासली नाही. चाकणच्या कंपनीत मी दुसऱ्यांच्या चुका पकडायचाच पगार घेतो. मग तिथलीच शिस्त घरी लावली: काम झालं, वस्तू भंगारात. वही रद्दीत गेली.

काही महिन्यांनी ती ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर आली. आईला वाचता येत नाही. ती म्हणाली, "माझ्यावर एक लिहिलंय म्हणायचे. कधी म्हणून दाखवलं नाही. तेवढं वाच."

मी ते गाणं वाचत गेलो. शेवटच्या ओळीवर माझा अंगठा होता, नखातल्या ग्रीससकट. फोटो मोठा केला, तर अंगठाच मोठा झाला.

"थांबलास का रे?"

"ओळीवर माझा अंगठा आलाय."

"मग उचल की."

मी पुढचं पान काढलं. तिथं अंगठा नीट समासात होता.