भटजीच्या जागी आईची सही

बायकोला इंग्लंडच्या एका विद्यापीठात प्रवेश मिळाला, तेव्हा मी सोबत जाणार हे आम्ही दोघं धरूनच चाललो होतो. लग्नाला वर्ष होत आलं होतं आणि तिचा अभ्यासक्रमही वर्षाचाच होता. मग कळलं, अशा अभ्यासक्रमाला जाणाऱ्यांना आता जोडीदाराला सोबत नेता येत नाही. संशोधनाला जाणाऱ्यांना नेता येतं, तिला नाही. माझ्यासाठी उरला पाहुण्याचा व्हिसा. जास्तीत जास्त सहा महिने राहायचं, काम करायचं नाही, मुदतीच्या आत परत यायचं.

"मी एकटी राहू शकते," ती म्हणाली. "सोबतीची गरज आहे म्हणून येऊ नकोस. मला तू तिथं हवा आहेस म्हणून ये."

सहा तर सहा, असं ठरवून मी एजंटकडे गेलो.

"साहेब, या व्हिसात एकच गोष्ट पटवायची असते, की माणूस परत येणार," तो म्हणाला. "बायको तिथं असल्यावर कोण विश्वास ठेवणार? तिचं नावच काढू नका. फिरायला चाललोय म्हणा."

"राहणार कुठं म्हणून सांगू?"

"मैत्रिणीकडं."

घरी येऊन मी हे सांगितलं तर बायकोचा आवाज चढला. "माझ्या अर्जात मी तुला नवरा लिहिलंय आणि तुझ्या अर्जात तू मला मैत्रीण करणार? परत आल्यावर काय, पुन्हा लग्न लावायचं?"

मी पत्रकांवर वाढलेला माणूस. आई अंगणवाडी सेविका आणि त्यांच्या संघटनेची कार्यकर्ती. उचगावच्या आमच्या घरात मोर्च्याच्या पत्रकांचे गठ्ठे असायचे, आणि पाटीआधी मी त्यांच्याच पाठकोऱ्या बाजूवर अक्षरं गिरवली. आता पोटासाठीही छापखान्यातच काम करतो. खरं तेच बोलावं, हे त्या कागदांनी शिकवलं. अडचण असेल तर बोलू नये, असा अपवाद त्यात कुठं छापलेला नव्हता.

पण खरं लिहायचं तर लग्नाचा दाखला हवा, आणि तो आमच्याकडे नव्हता. लग्न सत्यशोधक पद्धतीनं झालं होतं. बायकोचं माहेर गारगोटीचं, लिंगायत, बाजारात दुकान. तिच्या वडिलांना जंगम हवा होता आणि माझ्या काकांना भटजी. आम्हाला दोन्ही नको होते. माझ्या आईनं शपथ वाचली, आम्ही ती म्हटली, लोकांनी फुलं टाकली. सासरे शेवटच्या रांगेत बसून होते. ते न जेवता गेले. नोंदणी राहूनच गेली.

आता आठवड्यावर तिचं विमान होतं आणि नोंदणीला दोघांनी हजर राहायला हवं होतं. ती गेली की दाखला गेला, आणि दाखल्याबरोबर माझं जाणंही.

विवाह नोंदणी कार्यालयातल्या कारकुनानं अर्ज पाहिला. "पावणं, ही जागा मोकळी हाय. लग्न लावलेल्या भटजीची सही कुठाय?"

"भटजी नव्हता."

"मग काझी?"

"तोही नव्हता."

"मग लग्न लागलं कसं?"

"आईनं लावलं."

त्यानं पेन खाली ठेवलं आणि शेजारच्या टेबलाला हाक मारली. "ऐकलं का? ह्यांचं लग्न आईनं लावलंय म्हणं!"

"पोरांची लग्नं सगळ्यांच्याच आया लावत्यात की," तिकडून उत्तर आलं. "भटजी कोण हुता ते इचार!"

मग कारकून आवाज उतरवून म्हणाला, "ओळखीच्या कुठल्याबी भटजीची सही आणा. कोण बघतंय?"

रात्री बायकोनं माहेरी फोनवर सहीची अडचण सांगितली होती. दुसऱ्या दिवशी आम्ही आईला घेऊन गेलो, तर कार्यालयाच्या दारात सासरे उभे. गारगोटीहून मोटरसायकलवर आलेले, मागच्या सीटवर एक म्हातारे जंगम.

"जावईबापू, स्वामींस्नी आणलंय. करतील सही," सासरे म्हणाले. "माझ्या लेकीला एकटीला धाडायचं न्हाय मला."

लग्नानंतर ते प्रथमच माझ्याशी बोलत होते. उत्तर बायकोनं दिलं. "अप्पा, स्वामी लग्नात नव्हतेच."

"मला ठावं हाय की! पर कागदाला काय कळतंय?"

जंगम दचकले. "सही कशाची? दाखल्याचं काम हाय एवढंच बोलला हुता तुम्ही. मी त्या लग्नात जेवलोबी न्हाय, आन् सही करू?"

आई पुढे झाली. "पावणं, तुम्ही हुता की तिथं. मागच्या खुर्चीवर. मला दिसत हुता."

सासऱ्यांनी मान खाली घातली. "हुतो."

"मग तुम्ही साक्षीदाराची सही करा. लग्न लावणारीची मी करते."

आत कारकून पुन्हा तेच म्हणू लागला. मी म्हटलं, "घेणार नसाल तर नाकारल्याचं कारण लेखी द्या." लेखी म्हटल्यावर तो उठला आणि साहेबांना घेऊन आला.

साहेबांनी अर्ज वाचून आईला विचारलं, "लग्न लावताना काय म्हटलं होतं तुम्ही?"

आईनं सभेत म्हणावं तसं म्हटलं, "एकमेकांच्या शिक्षणाच्या आड यायचं न्हाय. एकमेकांपासनं काय लपवायचं न्हाय. आन् अडचणीत एकमेकांचा हात सोडायचा न्हाय."

"आवाज हाय खरा," शेजारचं टेबल म्हणालं.

साहेबांनी 'भटजी' हा छापील शब्द खोडला, वर 'विवाह लावणारी व्यक्ती' असं लिहिलं, आणि आईनं सही केली. सासऱ्यांनी साक्षीदाराच्या जागी आपलं पूर्ण नाव लिहिलं, गावासकट. जाताना मला एवढंच म्हणाले, "चहा घेऊया का?"

बायको ठरल्या दिवशी गेली. माझा अर्ज मी स्वतः भरला. जाण्याचं कारण: पत्नीसोबत राहणे. परत येण्याचं कारण: छापखान्यातली नोकरी, मालकाच्या पत्रासह. एजंटनं हात जोडले. "नाकारला तर मला सांगू नका." पुण्याला जाऊन बोटांचे ठसे दिले आणि वाट पाहिली. व्हिसा मिळाला.

उचगावात आता सगळ्यांना कळलंय. काल चौकात एकानं हटकलं, "बायकोची भांडी घासायला विलायतेला चाललास व्हय?"

"व्हय. हितंबी मीच घासतो."

"जा जा. तिकडं गेलेला कोण परत येतंय?"

तिचा अभ्यास संपायच्या खूप आधी माझी मुदत संपेल. मग ती तिथं आणि मी इथं, हे आम्हाला दोघांनाही जड जाणार आहे. तरी परतीचं तिकीट मी जातानाच्या तिकिटासोबतच काढलंय.

"मी येणार," मी त्याला म्हटलं. "तसं लिहून दिलंय."