दारातून एक थेंबही गळला नाही

मंडळी, आज माझ्या वेल्डिंगची परीक्षा झाली. पास की नापास, ते तुम्हीच ठरवा.

माझ्यापेक्षा वयानं मोठी असलेल्या माझ्या जीपचं दार खालून गंजून पार चाळणी झालं होतं. सिंदेवाहीचे रहीमभाई दोन महिन्यांपासून मला वेल्डिंग शिकवताहेत. पातळ पत्र्यावर हात जरा रेंगाळला की माझ्याकडून नवीनच भोक पडायचं. आज मात्र पत्रा झकास जोडला. दाराच्या तळाशी तीन बारीक भोकं उरली होती, तीही गंजाचीच समजून हौसेनं बुजवली.

रहीमभाईंनी काचेच्या फटीतून दारात मगभर पाणी ओतलं. खाली एक थेंब नाही.

"पाहा भाई, गळत नाई!" मी म्हणालो.

"अरे, थे भोकं कंपनीनंच ठेवले होते. पावसाच्या पान्याले जायले जागा पायजे ना! आता दार आतून सडून जाईन."

मी ड्रिल घेतलं आणि ती तिन्ही भोकं पुन्हा पाडली. पाणी भळभळ माझ्या बुटांवर आलं. तेव्हा कुठे ते हसले. "पन टाका पक्का हाय बरं तुया."

दोन महिन्यांतली ही पहिली शाबासकी! सकाळपासून खूश आहे.

खरं सांगा, चांगलं चाललेलं काहीतरी तुम्हीही कधी इतकं मन लावून दुरुस्त केलंय का?