बर्फाचे पैसे

"कमी आले का, भाई?"

हिंगोलीकडच्या गोरेगावच्या बाजारात बँकेचे पैसे काढून द्यायचं माझं लहानसं केंद्र आहे. तिथं हा प्रश्न विचारणारी एकच बाई मी पाहिली. तुम्ही कुठल्याही बँकेत जाऊन बघा, माणसं 'जास्त आले का' म्हणूनच विचारतात. ही मात्र काठी टेकून उभी राहायची, पदरानं अंगठा पुसायची आणि माझ्या तोंडाकडं टक लावून बघायची. "न्हाई मावशी, तेवढेच हायत," म्हटलं की चेहरा उतरलाच.

माझं तोंड आधीच फटकळ. एकदा म्हणालो, "मावशी, डोकं फिरलं का तुमचं? लोक देव पाण्यात घालून बसतेत जास्त यावेत म्हणून!"

रांगेतली माणसं हसली. तीही हसली, आणि म्हणाली, "हसा बाबांनो. तुमचं लेकरू बर्फात न्हाई."

तिचा सगळा जन्म मेंढरांमागं गेलेला. थोरला लेक मेंढरंच राखतो, धाकटा फौजेत. धाकट्याची बदली पार वर, बर्फातल्या चौकीवर झाली, तसा त्याला पगारावर जादा भत्ता मिळू लागला आणि आईच्या खात्यावर जास्त पैसे यायला लागले. म्हातारीनं त्यातून एकच अर्थ काढला. जास्त आले म्हणजे पोरगं अजून वर आहे. ज्या महिन्यात कमी येतील, त्या महिन्यात ते खाली उतरलं.

पैसे मात्र ती पहिल्याइतकेच काढायची. वरचे तसेच खात्यात पडून. "ऱ्हाऊ दे ते बर्फाचे पैसे. त्याची भाकर घशाखाली उतरत न्हाई." अहो, बकरी आजारी पडली, औषधाला पैसे कमी पडले, तरी तिनं त्यांना हात लावला नाही. उसनवारी केली.

एकदा तिनं विचारलं, "भाई, लई उंच असंल का ते? सिद्धेश्वरच्या धरणाची भिंत हाय, तेवढं?" तिनं जन्मात पाहिलेली सगळ्यात उंच गोष्ट तीच. मी आपला फुशारकीत बोलून गेलो, "अशा कैक भिंती एकावर एक ठेवल्या तरी पुरायच्या न्हाईत, मावशी." तिनं काठी उचलली. जाताना म्हणाली, "मेंढरू बी उभं ऱ्हात न्हाई रे तसल्या थंडीत. अंगावर लोकर असून." त्या दिवशी चहा गोड लागला नाही मला.

वरची मुदत संपली तरी पोरगं काही उतरेना. त्यानंच आणखी राहायचं मागून घेतलं होतं. आईसाठी स्लॅबचं घर बांधायचं होतं त्याला. हे कळल्यावर म्हातारी जेवेनाशी झाली. "घर कुनाला पायजे? मला पोरगं पायजे," एवढंच सारखं.

आणि मग एका महिन्यात खरंच कमी आले.

मी दोनदा बघितलं आणि ओरडलोच, "मावशी! कमी आले!"

तिनं काठी टाकली. दोन्ही हातांनी माझं तोंड कुरवाळलं, कानशिलावर बोटं मोडली. "उतरला माझा लेक! उतरला!" समोरच्या हॉटेलातून जिलेबी आणून रांगेतल्या प्रत्येकाच्या हातावर ठेवली. यंत्रावर अंगठा उठत नाही म्हणून माझ्याशी भांडायला आलेल्या माणसालासुद्धा. फोनवर पोरानंही सांगितलं, "व्हय आई, खाली आलो." त्यानंतर दर महिन्याला कमीच येत राहिले. म्हातारी भाकर खाऊ लागली, अंगावर मांस दिसायला लागलं. फोन क्वचित यायचा. तीच समजूत काढायची, "खाली लई कामं असतेत."

पावसाळा सरता सरता तिनं अंथरूण धरलं. छातीत पाणी झालं होतं. हिंगोलीला नेलं, तिथून परत आणलं. थोरल्यानं पलटणीला निरोप धाडला. मी भेटायला गेलो तर डोळे दाराकडं लावून पडलेली.

"भाई, खालून गाडीत बसलं तर किती दीस लागतेत?"

"दोन-तीन लागतेत, मावशी."

"मंग येईना काहून?"

"सुट्टी मिळत नसंल."

"माय मरून राहिली अन् सुट्टी न्हाई?" मग तिनं विचारलं, "का त्याच्याच मनात न्हाई?"

मलाही मनातून पोराचा रागच आला होता. वर असताना ती त्याच्यासाठी झुरली, आणि हा खाली असून येत नाही! म्हातारीनं तोंड भिंतीकडं फिरवलं. पुढं दोन दिवसांनी ती गेली. तोपर्यंत, थोरली सून सांगते, तिनं कुणाशी शब्द काढला नाही.

पोरगं आलं ते माती होऊन आठवडा लोटल्यावर. जीपमधून उतरलं तेव्हा मी दुकानाच्या पायरीवर होतो. चेहरा करपून काळाठिक्कर, ओठ फाटलेले, आणि डोळ्यांभोवती बर्फातल्या चष्म्याची दोन पांढरी वर्तुळं. ते पाहिलं आणि मी पायरीवरून उठलोच. उतरला नव्हताच तो. एक दिवसही नाही.

पुढं सुतकाचे दिवस संपल्यावर तो माझ्याकडं येऊन बसला. "वहिनी म्हणली, आई जेवत न्हाई, पैसे कमी यायची वाट बघते. म्हणून बर्फाचे पैसे दुसऱ्या खात्यात ठेवायला लागलो, भाई. सांगावा मिळाला तेव्हा हवा खराब होती. हेलिकॉप्टर उडंना."

मी त्याच्यापुढं चहा सरकवला.

"कमी आले तेव्हा खूश झाली होती का?"

मी सांगितलं. काठी, जिलेबी, सगळं. तो म्हणाला, "पुन्हा सांगा." मी पुन्हा सांगितलं. अंथरुणावर तिनं मला काय विचारलं, ते मी बोललो नाही. पण वहिनीनं सांगितलं असावं, कारण त्यानं ते विचारलंच नाही.

सुट्टी संपली. जीपची वाट बघत तो उभा होता. "आता कुठं?" मी विचारलं.

"तिथंच. वर."

"आता तरी खालची बदली मागून घे, लेका."

त्यानं पिशवी खांद्याला लावली.

"खाली आलो तर सांगू कुणाला, भाई?"