टाकव्वाच्या पायाशी

गाव सोडलं त्या सकाळी पॅसेंजर हलली आणि फलाटावरचे माझे वडील, अप्पा, आणि थोरली बहीण अक्का लगेच दिसेनासे झाले. स्टेशनाजवळची पाण्याची टाकी मात्र कितीतरी वेळ दिसत राहिली. "तिच्याकडं बघत जा, बरं वाटंल," एवढंच अप्पा म्हणाले होते. बघत गेलो, पण बरं काही वाटलं नाही.

आपल्यातले जे लहानपणीच बाहेर पडले त्यांच्यासाठी सांगतो. गुलबर्ग्याच्या अलीकडचं आपलं गाव वसलं तेच मुळी वाफेची इंजिनं इथं पाणी भरायला थांबायची म्हणून. शहाबादी दगडाचं स्टेशन, मालधक्क्याची शेड, आणि उंच दगडी बुरुजावर ठेवलेली लोखंडी टाकी. एका दुष्काळात सगळ्या विहिरी आटल्या तेव्हा स्टेशनमास्तरनं इंजिनांचं पाणी गावाला सोडलं. तेव्हापासून ती गावाची अव्वा, म्हणजे आई, टाकव्वा झाली. कारहुणवीच्या सणाला बैलांची शिंगं रंगवून झाली की गाव त्या बुरुजाला चुन्याचा हात देतं. टाकी कोरडी पडून जमाना लोटला, पण चुना चुकलेला नाही. आमचं घर बरोबर तिच्या पायाशी आहे.

पुण्यात मी बांधकामावर सुपरवायझर आहे. दिवसभर कॉलम, स्लॅब, क्युरिंग हेच चाललेलं असतं. भिंतीला चीर दिसली की माझं डोकं दुसरं काही ऐकत नाही. गावाकडं आता रुळांची नवी लाइन पडली आहे, लांबच लांब मालगाड्या धडाडत जातात आणि फळीवरची भांडी वाजतात. मागच्या खेपेला बुरुजाला चीर दिसली. बोट आत जात होतं. अप्पांना दाखवली तर म्हणाले, "जुनं दगुड हाय. चुना धरून ठिवतोय की त्याला."

वाद घातला नाही. साइटवर करतो तसं केलं, चिरेवर काचेची पट्टी आडवी चिकटवली. चीर वाढली तर काच तडकते. अक्काला नीट समजावून आलो आणि दर रविवारी फोनवर विचारत राहिलो. "हाय तशीच हाय," ती म्हणायची.

कारहुणवी झाल्यावर विचारलं तेव्हा ती सहज म्हणाली, "काच व्हय? ती फुटली की रे. कुणाच्या पायात जाईल म्हणून काढून टाकली. वरून चुना दिलाव, आता काईच दिसत न्हाई बघ."

म्हणजे चुन्याखाली चीर वाढत होती. अक्कावर चिडू तरी कसा? काच फुटली की उचलून टाकायची, हे घरात आम्ही लहानपणापासून शिकलो. रेल्वेची माणसं बुरुज उतरवायला आली होती म्हणे, त्यांना गावानं परत धाडलं. व्हिडिओ कॉलवर अप्पा हौसेनं पांढरी भिंत दाखवत होते. तिच्याकडं बघून मला इतकी भीती कधी वाटली नव्हती.

पूर्वी घर म्हणजे माझ्यासाठी परत जायची जागा होती. आता त्या जागेतून दोन माणसं बाहेर काढायची आहेत, एवढंच घर उरलं आहे. तुमच्यातही कुणाचं असं झालं असेल.

परवा दोघांना आणायलाच गेलो. अप्पा शांतपणे म्हणाले, "तिनं पाणी पाजून गाव जगवलं. ती आमच्या अंगावर पडंल व्हय? आमी कामून जायाचं?" अक्कानं मान खाली घातली, म्हणजे तीही येणार नव्हती. मी समजावलं, ओरडलो, शेवटी रडलोसुद्धा. मग अक्कानं जेवायला वाढलं. जेवण झाल्यावर अप्पांनी बुरुजाच्या सावलीत, भिंतीला लावून, माझ्यासाठी बाज टाकली. "दमून आलायस, जरा पड," म्हणाले. रुळांवर मालगाडीचा आवाज जवळ येत होता. मी त्या बाजेवर आडवा झालो.